वळिवड्याच्या छावणीचा जमाखर्च

२१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे पोचले आणि त्यांनी तीन स्मारकांना पुष्पचक्रे वाहिली. पहिले नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांचे, दुसरे इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोच्या लढाईचे आणि तिसरे कोल्हापूरचे. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे ही गोष्ट त्या दिवशी बहुतेक मराठी माणसांना नव्याने कळली. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पाच हजारांच्या आसपास पोलिश बायका-मुलांना आणि वृद्धांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी आसरा मिळाला होता. त्याची कृतज्ञता म्हणून तिकडे हे स्मारक उभे आहे.

त्यानंतर ही कथा ज्या रूपात सगळीकडे फिरली ते रूप असे : युरोपात युद्ध पेटले, अनाथ झालेल्यांना कुणी दारात उभे करीना, तेव्हा उदार मनाच्या महाराजांनी त्यांना पोटाशी धरले. नवानगरच्या बाबतीत ही कथा बऱ्याच अंशी खरी आहे. कोल्हापूरच्या बाबतीत ती अर्धी आहे. उरलेली अर्धी हिशेबाच्या वह्यांत आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणी वळत नाही. छावणी कुणाच्या जमिनीवर होती हे आपण सांगतो. तिचा खर्च कोण देत होते, तो पैसा कुठून कुठे फिरत होता आणि त्याच वर्षी या देशातल्या उपाशी माणसांना काय मिळत होते, हे मात्र सांगत नाही. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीसारख्या गावात बसून या विषयाच्या मागे लागलो तो याच प्रश्नापायी.

*

आधी ही माणसे कोण होती ते पाहू. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून शिरल्या. पूर्व पोलंड स्टालिनच्या ताब्यात गेला आणि १० फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या कुटुंबांची उचलबांगडी सुरू झाली. मध्यरात्री दारावर थाप, सामान बांधायला थोडासा वेळ, मग मालगाडीच्या डब्यात कोंबून सायबेरिया, अर्खांगेल्स्क किंवा कझाकस्तान. जून १९४१ पर्यंत अशा चार मोठ्या लाटा झाल्या. किती माणसे नेली याबद्दल वाद आहे. पुढे खुल्या झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांवरून आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघतो, तर लंडनमधले तेव्हाचे पोलिश सरकार दहा लाखांच्या पुढचा आकडा सांगत असे. कागद सापडल्यावर दुःखाचे आकडे बहुधा खाली येतात. पण सव्वातीन लाख म्हणजे एका जिल्ह्याची वस्ती आगगाडीत भरून बर्फात नेऊन टाकण्यासारखे आहे, हे विसरू नये.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली आणि पारडे फिरले. कालचे शत्रू मित्र झाले. ३० जुलै १९४१ रोजी लंडनमध्ये पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत मायस्की यांच्यात करार झाला. कैदेतल्या पोलिशांना 'माफी' मिळाली. गुन्हा काय होता हे त्यांना अखेरपर्यंत कळले नसेल. जनरल आंडर्स यांनी या सुटलेल्या माणसांतून सैन्य उभे केले. १९४२ च्या मार्च-एप्रिल आणि ऑगस्टमध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पाहलवी बंदरात उतरले. एकूण लाखाच्या वर माणसे होती, त्यांतली तिसरा हिस्सा तरी बायका, मुले आणि म्हातारी. सैनिक पुढे लढायला गेले. मॉन्टे कॅसिनोची टेकडी मे १९४४ मध्ये ज्यांनी काबीज केली ते हेच. मागे राहिलेल्या बायका-मुलांचे करायचे काय, हा प्रश्न ब्रिटिश सरकारपुढे आला. इराणमध्ये त्यांना फार काळ ठेवणे शक्य नव्हते. टांगानिकातले टेंगेरू, युगांडातले मासिंडी, मेक्सिकोतले सांता रोसा, न्यूझीलंडमधले पाहिआतुआ अशा दूरदूरच्या ठिकाणी त्यांची पांगापांग झाली. हिंदुस्थान हे त्या यादीतले एक नाव.

पहिली तुकडी मुलांची होती. अश्गाबादहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा ट्रकचा आणि रेल्वेचा लांबचा प्रवास करून ही मुले १९४२ मध्ये मुंबईला आली आणि काही आठवडे वांद्र्याला राहिली. मुंबईतले पोलिश कॉन्सल जनरल बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी त्यांची व्यवस्था पाहिली. तिथून मुले नवानगर संस्थानात बालाचडीला गेली. जामसाहेब तेव्हा नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी जागा दिली आणि इतर राजेरजवाड्यांकडून व धनिकांकडून वर्गणी उभी केली. हा खरोखर देणगीचा कारभार होता. अनुराधा भट्टाचार्जी यांच्या 'द सेकंड होमलँड' या पुस्तकात या सगळ्याचा तपशील आला आहे. पण वळिवड्याचा कारभार या धर्तीचा नव्हता.

*

१९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर कोण होते? छत्रपती राजाराम महाराज २६ नोव्हेंबर १९४० रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. १९४२ मध्ये दत्तक घेतलेले शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम वर्षाचे होते, आणि कारभार महाराणी ताराबाईंच्या नेतृत्वाखालच्या रीजन्सी मंडळाकडे होता. त्यावर ब्रिटिश रेसिडेंटचे लक्ष. म्हणजे वळिवड्याचा निर्णय ज्या काळात झाला तेव्हा 'पोटाशी धरणारे महाराज' स्वतःच पाळण्यात होते. संस्थानने जमीन दिली हे खरे, आणि त्याचे श्रेय संस्थानला द्यायलाच हवे. मात्र हिंदुस्थान सरकारने युद्धकार्यासाठी मागितलेली जमीन नाकारण्याची ताकद त्या वेळच्या रीजन्सीत किती होती, हा प्रश्न विचारायला हवा.

शिवाय संस्थानातले वातावरण शांत नव्हते. 'चले जाव'ची ठिणगी कोल्हापुरात पडलेली होती. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि त्यात सात जण हुतात्मा झाले. रत्नाप्पा कुंभार आणि प्रजा परिषदेचे कार्यकर्ते भूमिगत होते. या घटनेला सहा महिने होतात न होतात तोच, ११ जून १९४३ रोजी, पोलिशांची पहिली तुकडी वळिवड्याला आली. एकाच संस्थानात एकीकडे आपल्याच प्रजेची धरपकड आणि दुसरीकडे परक्यांच्या मुलांसाठी शाळा. यात मी संस्थानला दोष देत नाही, कारण दोन्हींचा हुकूम शेवटी एकाच ठिकाणाहून येत होता.

छावणी कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गाला लागून होती. पंचगंगेचा परिसर, हवा मानवणारी. लांबलचक बराकी, त्यावर कौले, आत बांबूच्या तट्ट्यांनी पाडलेल्या खोल्या, पुढे ओसरी. प्रत्येक कुटुंबाला राहण्याची जागा आणि स्वयंपाकाची सोय. सार्वजनिक भटारखाना नव्हता. कुटुंबाला दरमहा रोख भत्ता मिळे आणि ज्याने त्याने आपला बाजार करून आपले शिजवायचे. मला या व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. दोन वर्षे रांगेत उभे राहून सोव्हिएत छावणीतला पाव मिळवलेल्या बाईला आपल्या हाताने चूल पेटवता येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आणि त्या रोख पैशामुळे आसपासच्या गावांतले दूध, भाजी, अंडी, कापड यांना गिऱ्हाईक मिळाले. छावणीत दुकाने आली. विक्रेत्यांना कामापुरते पोलिश शब्द आणि पोलिश बायकांना कामापुरते मराठी शब्द येऊ लागले.

आत एक पूर्ण गाव वसले होते. चर्च, दवाखाना, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, हस्तव्यवसायाचे वर्ग, नाटके, सिनेमा, स्काउट. कारभार पोलिश लोकांच्याच हाती, छावणीचे प्रमुख कॅप्टन यागियेव्वोविच. हिंदुस्थान सरकारतर्फे निर्वासितांचे मुख्य अधिकारी वेब देखरेख करीत. पुरुष बहुतेक आघाडीवर, त्यामुळे गाव बायकांचे आणि मुलांचे. फुप्फुसाच्या रोगाने खंगलेल्यांना पाचगणीला पाठवत. काही जण गेले ते गेलेच. कोल्हापुरात पोलिशांची थडगी आहेत. एका पोलिश मुलीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केले आणि ती जन्मभर इथेच राहिली.

आता खर्च. वळिवड्याचा भत्ता, शिक्षकांचे पगार, औषधे यांची जबाबदारी लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारची होती. त्या सरकारच्या मजूर व समाजकल्याण खात्याचा प्रतिनिधी मुंबईत बसत असे. पण देश गमावलेल्या सरकारच्या तिजोरीत पैसा कुठून येणार? तो ब्रिटिश सरकारने दिलेल्या कर्जातून येत होता. म्हणजे कागदावर ही परकीय सरकारने आपल्या नागरिकांना परदेशात पाठवलेली मदत, आणि मुळात ब्रिटिश खजिन्याची उसनवारी. कोल्हापूर दरबाराने रोज पाच हजार पाने वाढली असे चित्र आपण रंगवतो, ते यात बसत नाही.

याच्याही खाली एक पायरी आहे. युद्धकाळात ब्रिटिश सरकारच्या नावे हिंदुस्थानात जो खर्च होई तो आधी इथल्या रुपयांत होई. त्या बदल्यात लंडनमध्ये हिंदुस्थानच्या खात्यावर पौंड जमा दाखवले जात. ते पौंड युद्ध संपेपर्यंत हाताला लागणार नव्हते. त्यांच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात. सप्टेंबर १९३९ मध्ये चलनात असलेल्या नोटा १९४५ पर्यंत सहा पटींहून अधिक झाल्या. युद्धाअखेर लंडनमधली ही शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली होती. साध्या भाषेत, ब्रिटनने हिंदुस्थानकडून माल आणि श्रम उधारीवर घेतले, आणि उधारीचा भार महागाईच्या रूपाने ज्वारी विकत घेणाऱ्याच्या डोक्यावर आला. वळिवड्याचा खर्च हा या डोंगरातला एक खडा. पण खडा त्याच डोंगरातला आहे, असे माझे मत आहे. आमच्या वऱ्हाडात त्या वर्षांना म्हातारी माणसे 'कंट्रोलचा काळ' म्हणत. धान्य कंट्रोलचे, कापड कंट्रोलचे, रॉकेल कंट्रोलचे. त्या कंट्रोलच्या रांगेतल्या माणसाला आपण कुणाला तरी मदत करतो आहोत याचा पत्ताही नव्हता.

*

या विषयात वऱ्हाडचा आणखी एक धागा आहे. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला, त्यात यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे गेले. त्यांच्याकडे परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते आले. गांधीजींच्या उपवासाच्या प्रश्नावर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी फेब्रुवारी १९४३ मध्ये राजीनामा दिला आणि पुढे हे खाते नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे आले. लागोपाठ दोन वैदर्भीय माणसे, आणि खाते जगभर विखुरलेल्या हिंदी लोकांचे.

अण्यांच्या वाट्याला आले ते ब्रह्मदेशाचे प्रकरण. १९३१ च्या खानेसुमारीत ब्रह्मदेशात दहा लाखांवर हिंदी लोक होते. डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर जपानी बॉम्ब पडले आणि लोंढा निघाला. जहाजाची जागा मोजक्यांना मिळाली. बाकीचे आराकानच्या डोंगरांतून चितगावकडे आणि चिंदविन नदी ओलांडून मणिपूरकडे पायी निघाले. चार-पाच लाख माणसे हिंदुस्थानात पोचली. वाटेत पटकी, मलेरिया आणि उपासमारीने किती मेली याचा नक्की हिशेब कधीच लागला नाही. दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि त्याहूनही पुढे अंदाज केले गेले आहेत. गोऱ्यांना एक वाट आणि काळ्यांना दुसरी, असा आरोप तेव्हाच जाहीरपणे झाला. अलाहाबादला भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने १९४२ च्या एप्रिलअखेरीस या वर्णभेदाचा निषेध करणारा ठराव केला. सरकारला चौकशी करावी लागली, सोयींत काही सुधारणा झाल्या. पण पावसाळा तोंडावर होता.

या दोन लोंढ्यांमध्ये अंतर फक्त वर्षभराचे आहे. ब्रह्मदेशातून आलेल्या माणसाला बहुतेक वेळा रेल्वेचे तिकीट, थोडे पैसे आणि 'आपल्या गावी जा' एवढे मिळाले. गाव तीन पिढ्यांपूर्वी सुटलेले असले तरी हेच. पोलिशांना शाळा, भत्ता, दवाखाना मिळाला. याचा राग पोलिशांवर काढणे अन्यायाचे होईल; त्यांनी जे सोसले ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. फरक कशामुळे पडला तर पोलिशांकडे देश नव्हता पण त्यांच्या नावाने भांडणारे, कर्ज काढणारे सरकार होते. आपल्या लोकांकडे देश होता, आणि सरकार दुसऱ्याचे.

मग १९४३ चा उन्हाळा संपता संपता कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसे मरू लागली. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झालेला, लष्कराची खरेदी, भाव आभाळाला भिडलेले. वुडहेड आयोगाने बंगालच्या दुष्काळातल्या मृत्यूंचा आकडा १५ लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. नेमक्या त्याच मोसमात, ९ नोव्हेंबर १९४३ रोजी, वॉशिंग्टनमध्ये ४४ राष्ट्रांनी एका करारावर सह्या केल्या आणि 'अनरा' ही संस्था जन्माला आली. संयुक्त राष्ट्रांची मदत व पुनर्वसन संस्था. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांना अन्न, कापड, औषधे, बी-बियाणे पुरवायचे आणि निर्वासितांना घरी पोचवायचे हे तिचे काम. हिंदुस्थानतर्फे सही केली सर गिरिजाशंकर बाजपेयी यांनी.

अनराचा नियम असा होता की ज्या देशावर शत्रूचा कब्जा झालेला नाही त्याने वर्गणी द्यायची, आणि ज्यावर झाला त्याने मदत घ्यायची. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्का हे वर्गणीचे माप. हिंदुस्थान गरीब म्हणून त्याला सवलत मिळाली आणि आपल्या वाट्याला आठ कोटी रुपये आले, तेव्हाच्या दराने सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर. त्यातला मोठा भाग मालाच्या रूपाने जायचा होता. बंगालवर जपानी झेंडा लागलेला नव्हता, म्हणून बंगाल नियमाच्या बाहेर. अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी खटपट केली, आणि अमेरिकन काँग्रेसने १९४४ मध्ये पैसे मंजूर करताना युद्धाच्या दृष्टीने महत्त्वाच्या दुष्काळी प्रदेशालाही मदत देता यावी अशी पुस्ती जोडली. पण मदत मिळायची तर त्या देशाच्या सरकारने ती मागायला हवी. हिंदुस्थान सरकारने मागितली नाही.

अनराची सर्वांत मोठी मदत ज्या देशांना गेली त्यांत चीन आणि पोलंड ही नावे वरची आहेत. म्हणजे बंगालच्या दुष्काळाची राख विझली नव्हती तेव्हा या देशाच्या खजिन्यातून पोलंडच्या पुनर्वसनाला हातभार लागला. पारतंत्र्यात दिलेले दान दान म्हणावे का, यावर पंडितांनी वाद घालावा. मी एवढेच म्हणतो की पोलंडने आभार मानायचे तर ते दोन राजांपुरते मानून भागत नाही. त्यात बंगालचा ताग पिकवणारा शेतकरीही येतो, आणि आपणही त्याला त्यात धरत नाही.

आमच्या पिढीला मदतीची दुसरी बाजू माहीत आहे. १९७२ च्या दुष्काळात आलेला लाल मिलो आणि दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी वऱ्हाडातली माणसे अजून विसरलेली नाहीत. घेतल्याची आठवण पक्की राहते, दिल्याची पुसते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून कोटभर माणसे आली तेव्हा १५ नोव्हेंबरपासून टपालावर शरणार्थी मदतीचे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. आमच्या घरच्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात ती तिकिटे आहेत. चिखलीहून मलकापूरला सोयरिकीचे पत्र टाकणाऱ्या माणसानेही त्या छावण्यांना पाच पैसे दिले. निदान त्याला ते ठाऊक होते.

*

वळिवड्याच्या पोलिशांपुढे खरे संकट युद्ध संपल्यावर आले. याल्टाच्या बैठकीत पूर्व पोलंड रशियाकडेच राहणार हे ठरले. या माणसांची घरे नेमकी त्याच भागात, ल्वूफ आणि विल्नोच्या आसपास. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालच्या सरकारला दिली. एका रात्रीत छावणीचा धनी गेला. लंडनमध्ये नेमलेल्या हंगामी समितीने काही काळ खर्च चालवला, १९४६ मध्ये कारभार अनराकडे आला. आणि अनराचे ब्रीद घरी परत पाठवण्याचे. घर परक्या देशात गेलेल्या माणसाला घरी कसे पाठवायचे, याचे उत्तर तिच्या नियमावलीत नव्हते. थोडे लोक परत गेले. बहुतेकांनी नकार दिला. ज्यांनी आपल्याला सायबेरियात नेले त्यांच्या हाती पुन्हा जायचे नाही, हे त्यांचे म्हणणे होते, आणि ते समजण्यासारखे आहे.

बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाली आणि तिथली मुले वळिवड्याला आली. जुलै १९४७ पासून अनराच्या जागी आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना आली. ज्यांचे नवरे, भाऊ आंडर्स यांच्या सैन्यात होते त्यांना ब्रिटनमध्ये जाता आले, कारण १९४७ मध्ये तिथे पोलिश पुनर्वसनाचा कायदा झाला होता. काही ऑस्ट्रेलियात, काही कॅनडा-अमेरिकेत, काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत गेले. १९४८ च्या सुरुवातीला शेवटच्या तुकड्या निघाल्या. गांधीहत्येनंतर कोल्हापुरात जाळपोळ झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, ते हेच आठवडे. सायबेरियातून आलेल्या बायका मुंबईच्या गाडीत बसत होत्या आणि शहरातून धूर निघत होता.

बराकी रिकाम्या झाल्या, त्या फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे मुंबई प्रांतात सैन्याच्या जुन्या तळांवर ठेवली जात होती. कल्याणच्या तळाचे पुढे उल्हासनगर झाले. वळिवड्याच्या बराकींतही सिंधी निर्वासित आले आणि वस्तीला गांधीनगर नाव पडले. पोलिशांना कराचीहून इथे आणले होते. त्यांच्या खोल्यांत आता कराचीकडूनच माणसे आली.

मात्र या नव्या रहिवाशांचा हिशेब वेगळ्या वहीत गेला. त्यांना परदेशातून भत्ता येणार नव्हता. काही महिने शिधा, मग धंद्यासाठी लहान कर्ज, आणि डोक्यावर छप्पर. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि छावणीची जबाबदारीही तिकडे गेली. मी गांधीनगरला गेलो तो चिखलीहून रात्रीच्या गाडीने पुणे आणि तिथून पुढे असा. दोन्ही बाजूंना कापडाची ठोक दुकाने, खोक्यांनी भरलेले टेम्पो, साड्यांचे गठ्ठे, हमालांची घाई. राज्यभरातले किरकोळ दुकानदार इथे खरेदीला येतात. जुन्या बराकीची भिंत शोधावी लागते. २०१९ मध्ये पोलंडचे मंत्री आणि छावणीत वाढलेले काही वृद्ध इथे आले होते, तेव्हा एक स्मृतिस्तंभ उभारला गेला. सिंधी निर्वासितांच्या नावाचा असा स्तंभ मला तिथे दिसला नाही.

१९५४ मध्ये विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. पाकिस्तानात राहिलेल्या मालमत्तेचा दावा मंजूर झाला की त्यातून सरकारने दिलेल्या घराची किंमत आणि उचललेले कर्ज वळते करून घेण्याची तरतूद त्यात होती. उरले तर हातात पडायचे. ज्याचा दावाच नव्हता, त्याने घराची किंमत हप्त्याने भरायची.